फेस, फडकं आणि बोरिंगचं पाणी

गाडी खराब व्हायची तर खड्ड्यानं व्हावी, ऑटोवाल्याच्या धक्क्यानं व्हावी, फार तर एखाद्या ढोरानं अंग घासून व्हावी. आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये मात्र गेल्या पंधराएक वर्षांत गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यांच्या मालकांनीच केलं. तेही रविवारी सकाळी, तर्री-पोहे खाऊन, अत्यंत प्रेमानं. एक बँकेत, एक शाळेत मास्तर, एकाचं औषधाचं दुकान, एक मिहानमध्ये नोकरीला असं हे मित्रांचं टोळकं. गाडीचं काम कोणी कुठे शिकलेलं नाही. मी बहुतेक वेळा खुर्ची टाकून बघणारा, त्यामुळे मागोवा घेण्याचा अधिकार आपसूक माझ्याकडे आला.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी, कारण अर्ध्या भानगडी पाण्याच्या आहेत. 2013 साली हुडकेश्वर आणि नरसाळा नागपूर महापालिकेच्या हद्दीत आले. त्याआधीपासूनच प्लॉट पडत होते, घरं उभी राहत होती, घरापुढे गाड्या लागत होत्या. नळ तेवढा यायचा होता. प्यायला टँकर आणि बाकी सगळ्याला बोरिंग. हे पाणी जड. कूलरच्या जाळीवर दर उन्हाळ्यात जो पांढरा थर चढतो तो याच पाण्याचा. पाणी उडून जातं, कॅल्शियमचे क्षार मागे राहतात. बोनेटवर वेगळं काही होत नाही. सकाळी नऊला घासून-पुसून ठेवलेली काळी गाडी दहा वाजता देवी आल्यासारखी दिसायची. मग ती पुन्हा धुवायची, म्हणजे त्याच पाण्यानं.

यावर मास्तरांनी लिंबाचा उपाय काढला. तत्त्व चुकीचं नव्हतं. आम्लानं हे क्षार विरघळतात, पातळ व्हिनेगर लावून लगेच धुतलं तर डाग खरोखर जातात. पण मास्तरांनी अर्धी लिंबं थेट बोनेटवर घासली आणि 'रस मुरू द्या' म्हणून गाडी उन्हात सोडली. नागपूरचं ऊन, त्यात मे महिना. रसातलं पाणी आटत गेलं तसं उरलेलं आम्ल अधिकाधिक कडक झालं. ठिपके गेले, त्यांच्या जागी लिंबाच्या फोडींची पुसट वर्तुळं उमटली, ती कायमची. घरातून निकाल आला, "इतक्या लिंबाईचं लोणचं तरी झालं असतं."

तो काळ सेकंडहँड मारुती 800 चा. कंपनीनं ही गाडी 1983 मध्ये आणली आणि जानेवारी 2014 मध्ये बनवणं थांबवलं. आमच्याकडच्या गाड्यांना ती बातमी कोणी सांगितली नसावी, त्यातल्या काही अजून चालतात. बँकवाल्याकडे अशी एक लाल 800 होती, उन्हानं गुलाबी पडलेली. त्यानं रबिंग कंपाउंडचा डबा आणला, फडकं ओलं केलं आणि अर्धं बोनेट घासून झाल्यावर फडकं उलटून पाहिलं तर लालभडक! गाडीचा रंगच निघतोय या धसक्यानं त्यानं काम तिथेच थांबवलं. पुढची दोन वर्षं ती गाडी अर्धी लाल, अर्धी गुलाबी अशी हुडकेश्वर रस्त्यानं जात-येत राहिली.

शेवटी मानेवाड्याच्या एका पेंटरनं त्याला समजावलं. जुन्या साध्या रंगावर वरून पारदर्शक थर नसतो. करपलेला रंग कंपाउंडनं निघतो आणि खालून ताजा रंग वर येतो. फडकं लाल होणं म्हणजे काम नीट चाललंय. बँकवाल्यानं हे मनावर कोरून घेतलं. घोटाळा पुढे झाला. त्यानं नवी गाडी घेतली, तिच्यावर बारीक ओरखडे पडले आणि तो फडकं घेऊन बसला. नव्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक कोट असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. दरवाजाच्या कडेवर तर त्याहून कमी. हा कोट शाबूत आहे तोवर फडक्यावर रंग येतच नाही.

"काय करून राहिला बे? सकाळपासून एकाच जागी घासून राहिला."

"थांब ना बे. रंग यायचा आहे अजून."

तासाभरानं रंग आला. त्याच्या मागोमाग प्रायमरही आला. मला आजवर पाहिलेल्या सगळ्या फजित्यांमध्ये ही सर्वांत उच्च दर्जाची वाटते, कारण हिच्यात अज्ञान अजिबात नाही. शिकलेला धडा पक्का होता, गाडी तेवढी दुसरी होती.

टूथपेस्टनं हेडलाइट घासण्याची साथ मध्यंतरी सगळ्यांनाच लागून गेली. पिवळी पडलेली काच, जी खरं तर पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असते, पेस्टमधल्या बारीक खरखरीनं उजळते हे खरं; पण ऊन अडवणारा लेपही त्यात खरवडला जातो आणि थोड्याच दिवसांत दिवा आधीपेक्षा पिवळा. त्यापेक्षा ती पेस्ट दातांना बरी.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा फुकटात मिळू लागला आणि आमच्या टोळक्याला जगभरचे गुरू भेटले. इंग्लंड-अमेरिकेतली माणसं थंड गॅरेजमध्ये, ढगाळ हवेत गाडी धुतात आणि हे इकडे घरापुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर, बोरिंगच्या पाण्यानं, 43 अंशांत त्यांची नक्कल करतात. दोन बादल्यांची पद्धत त्यातूनच आली. एक बादली शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळायची, म्हणजे धूळ परत गाडीवर जाऊन ओरखडे पडत नाहीत. पद्धत उत्तम. पण टँकरच्या दिवशी घरातून दोन बादल्या मागणारा नवरा कोणत्या घरात खपवून घेतला जाईल? मिहानवाल्यानं त्यावर तोड काढली. दुसऱ्या बादलीत पहिल्या बादलीचंच उरलेलं पाणी ओतलं. बादल्या दोन झाल्या.

क्ले बार नावाची मातीही याच लाटेत आली. रंगावर चिकटून बसलेले बारीक कण उचलणारी मळलेल्या कणकेसारखी वडी; पाण्याचा फवारा मारून ती अलगद फिरवायची आणि एकदा जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची, नाहीतर तिच्यात रुतलेली रेती बोनेटभर नक्षी काढते. मास्तरांनी महागाची निळी वडी मागवून कपाटात जपून ठेवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती घरातल्या पोरांना सापडली. अमावस्येला पाटावर नेहमीच्या मातीच्या बैलांशेजारी निळ्या बैलांची एक सुबक जोडी उभी होती. आजीनं त्यांनाही हळद-कुंकू लावून नैवेद्य दाखवलेला, त्यामुळे परत मळून वडी करायचा प्रश्नच मिटला. मास्तर त्या बैलजोडीकडे ज्या नजरेनं पाहत होते, ती नजर कोणत्याही शेतकऱ्याची नव्हती.

दसऱ्याचं प्रकरण मिहानवाल्याचं. गाडी पांढरी, नवीकोरी. आईनं बोनेटवर ओल्या हळदीचा स्वस्तिक काढला, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी यानं डाग जाईना म्हणून कपडे धुवायची पावडर टाकली आणि पिवळा स्वस्तिक डोळ्यांदेखत रक्तासारखा लाल झाला. आई दारातच थबकली. हा तर ओरडायचाच बाकी होता, त्याला वाटलं रंग जळला. औषधवाला धावत आला आणि त्यानं डॉक्टरी शांतपणे निदान केलं: साबण अल्कली, अल्कलीत हळद लाल होते, नववीचं विज्ञान आहे. साध्या पाण्यानं धुतल्यावर लाली उतरली, पिवळं मात्र राहिलं. त्यावर औषधही घरचंच निघालं. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, गाडी उन्हात ठेवली की झालं. पण गाडी उन्हात ठेवायची नाही हे गुरूंनी बजावलेलं! दोन दिवस ती शेडमध्ये पिवळीच राहिली. मग आईनं चावी हातात घेऊन विचारलं, "तू नेते का मी ढकलू?"

2020 च्या टाळेबंदीत या कलेला खरा बहर आला. गाड्या जागेवर, माणसं घरात, आणि कुरियर सुरू झाल्याबरोबर लेआउटमध्ये प्रेशर वॉशर उतरले. त्याला फोमची बंदूक जोडली की गाडीवर दाट फेस बसतो. पण तो मे महिना होता, म्हणजे वाळवणाचे दिवस. शेजारच्या काकूंच्या कुरड्या कंपाउंडच्या भिंतीलगत खाटेवर पसरलेल्या. औषधवाल्यानं ट्रिगर दाबला, वारा आला आणि गाडीसोबत कुरड्याही पांढऱ्या झाल्या.

"काऊन रे बापू, तुह्या गाडीचा साबण माह्या कुरड्याईवर आला ना!"

"काकू, काही होत नाही. पीएच न्यूट्रल आहे तो."

"हो का? मंग तूच खाय."

आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी खरंच त्या तळून डबा भरून पाठवला. त्यानं खाल्ल्या की नाही हे अजून कळलेलं नाही. विचारलं की तो विषय बदलतो. त्याच वॉशरनं त्यानं बोनेट उघडून इंजिनही धुतलं. पाणी प्लगच्या खाचांत जाऊन बसलं आणि गाडी मिसिंग मारायला लागली. मेकॅनिकनं फोनवरून सांगितलं, तसं बायकोचा हेअर ड्रायर लावून चौघं आळीपाळीनं इंजिन वाळवत बसले. मास्क लावून, अंतर राखून.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेचा प्रसंग हसण्यातला नव्हता. काही तासांत 100 मिलिमीटरवर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं दगावली. हुडकेश्वर त्या पट्ट्यापासून लांब, पण बँकवाल्याच्या नात्यातली एक गाडी तिकडे सीटपर्यंत बुडाली. टोळकं सगळं सामान घेऊन गेलं. सीटा काढल्या, गालिचे गच्चीवर वाळत घातले, खालचा फोम पिळून पिळून काढला. खरोखर चांगलं काम केलं. फक्त सीटांखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात आणि ते सुटे असताना चावी फिरवायची नसते, हे कोणाला ठाऊक नव्हतं. सगळं परत बसवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला, तो स्कॅनर असलेल्या माणसाकडे जाईपर्यंत विझला नाही. शिवाय काही बोल्ट उरले. ते कुठले, यावर त्यांच्यात अजून दोन मतं आहेत.

मग सिरॅमिक कोटिंग. औषधवाल्यानं बाटली मागवली, वर लिहिलेलं 9एच. हिऱ्याच्या खालोखाल कडक, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढून दाखवली: हा एच पेन्सिलीचा आहे, 9एच म्हणजे 9एच पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही, एवढंच. पण उत्साहापुढे पेन्सिल टिकत नाही. हे कोटिंग लावल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, धरायच्या आत, पुसून घ्यावं लागतं. नाहीतर तिथे गडद चट्टे राहतात. सावली हवी, पत्रा गार हवा. औषधवाल्यानं दिवस निवडला 30 मे 2024. नवतपा चालू. वर पत्र्याची शेड, म्हणजे सावली आहेच! टपावर फडकं फिरवून तो वळतो न वळतो तोच लावलेलं धरून बसलं. संध्याकाळी टपावर इंद्रधनुषी रंगाचे चट्टे आणि त्यांत चार बोटांचा स्पष्ट ठसा.

नेमक्या त्याच दिवसाची बातमी आली की रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली. औषधवाल्याला हत्तीचं बळ आलं. "छप्पन अंशात कोण लावून दाखवते बे कोटिंग?" असं तो पानठेल्यावर प्रत्येकाला विचारू लागला, आणि खरं सांगायचं तर कोणाकडे उत्तर नव्हतं. 2013 च्या 23 मेला 47.9 झालं होतं, तेव्हाच लोकांचा जीव निघाला होता. छप्पन म्हणजे सगळंच माफ. पण हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं. इतर काही केंद्रांवर 44 च्या आसपास होतं. मास्तरांनी ते कात्रण पानठेल्याच्या काचेला आतून चिकटवलं.

असे चट्टे काढायचे तर कोटिंग पॉलिशनं पुन्हा खरवडावं लागतं. हे कळल्याबरोबर बँकवाला स्वतःहून कंपाउंडचा डबा घेऊन त्याच्या दारात हजर झाला, "आण, मी काढून देतो, रंग यायच्या आधी थांबतो." तेव्हापासून ती गाडी कव्हरखाली असते, कव्हराच्या दोन्ही टोकांना साखळी आहे आणि साखळीच्या कुलपाची किल्ली औषधवाल्याच्या बायकोकडे.