बुरशीचं पंचांग

ओल आली की बुरशी आली, एवढंच आपल्याला ठाऊक. पण रोग पसरवणाऱ्या बुरश्यांचे नखरे त्याहून भारी! एकीला पाऊस हवा, दुसरीला दुष्काळ, तिसरीला गारठा. प्रत्येकीचा मुहूर्त वेगळा.

चिखल्यांचा आषाढ
भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहिलं की पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी भिजून मऊ पडते, वारा लागत नाही, बुरशीला आयतंच घर मिळतं. शहरात त्यासाठी शेत लागत नाही. ओले मोजे आणि बंद बूट पुरतात.

पाणी नको, ढग चालतील
नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला दोन दुखणी पाठ आहेत: डाऊनी आणि भुरी. डाऊनीला रुजायला पानावर पाणी लागतं. छाटणीनंतरही पाऊस रेंगाळला की तिचं फावतं. भुरीचं उलट. तिचे बीजाणू कोरड्या पानावरही रुजतात, साचलेलं पाणी मात्र त्यांना सोसत नाही. दमट हवा आणि ढगाळ सावली मिळाली की ती खूश! गंमत म्हणजे डाऊनी शास्त्राच्या हिशेबात खरी बुरशी नाहीच. पाण्यातल्या शेवाळांची ती लांबची नातलग.

चोरांसाठी केलं, रोगाला लागू पडलं
फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. १८८२ च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की नेमक्या याच वेली डाऊनीतून वाचल्यात. तेच आपलं बोर्डो मिश्रण. कोकण-गोव्यात पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग येतो, तेव्हाही तेच फवारतात.

उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी
गव्हावरचा काळा तांबेरा मैदानी उन्हाळ्यात तग धरत नाही. मग दरवर्षी येतो कुठून? आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी माग काढला: तो निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांत उन्हाळा काढतो आणि हंगामात वाऱ्यावर बसून उत्तरेकडे निघतो. आपल्या महाबळेश्वरातही गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र आहे. थंड हवेचं ठिकाण फक्त पर्यटकांना आवडतं, असं थोडंच आहे!

दुष्काळातली चंगळ
पाऊस दडी मारतो, शेंगा भरायच्या वेळी जमीन तापते आणि तहानलेल्या भुईमुगात ॲस्परजिलस ही बुरशी शिरते. दाण्यात ती अफलाटॉक्सिन हे विष सोडते, जे यकृतावर घाव घालतं. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की पक्षी लाखावर मेले, तेव्हा खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडलं. भाजलं तरी ते पुरतं जात नाही. म्हणून कुबट, कडवट दाणा सरळ टाकून द्यावा.

भूकंपानंतर खोकला
कॅलिफोर्नियातली व्हॅली फीव्हरची बुरशी मातीत राहते. पावसात वाढते, कोरड्या दिवसांत तिचे तुकडे पडतात आणि धुळीवर स्वार होऊन फुप्फुसात शिरतात. जानेवारी १९९४ मध्ये नॉर्थरिजचा भूकंप झाला, दरडी कोसळल्या, धुळीचे लोट उठले. पुढच्या काही आठवड्यांत व्हेंचुरा परगण्यात दोनशेवर रुग्ण निघाले.

झोपलेल्याला गाठणारी
अमेरिकेतल्या वटवाघळांच्या नाकावर पांढरा बुरा आणणारी बुरशी थंडीची भोक्ती. २० अंशांच्या वर तिचा निभाव लागत नाही. जागं वटवाघूळ तिला फार गरम. पण हिवाळी झोपेत त्याचं अंग गार पडतं, तेव्हा ती डाव साधते. ते पुन्हा पुन्हा जागं होतं, साठवलेली चरबी संपते आणि उपाशी मरतं. २००६ पासून अशी लाखो वटवाघळं गेली.

आपली ३७ अंशांची तटबंदी
बहुतेक बुरश्यांना आपल्या अंगातली ऊब सोसत नाही. म्हणून तर झाडांना त्यांचे हजारो रोग होतात आणि आपल्याला मोजके. पण २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात कॅन्डिडा ऑरिस सापडली. ही ४० अंशांतही मजेत वाढते. तापत्या पृथ्वीनेच तिला उष्णतेची सवय लावली असावी, असा काही शास्त्रज्ञांचा कयास आहे. तसं असेल, तर आपल्या तटबंदीबाहेर उन्हात बसून बाकीच्याही सराव करत असतील.