वीस हजार कड्यांचा सदरा

फ्रान्समध्ये बायो नावाचं एक गाव आहे. तिथे जवळजवळ ७० मीटर लांबीचं एक भरतकाम जपून ठेवलंय. लिननच्या लांबलचक पट्टीवर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी एका स्वारीची गोष्ट भरली आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला, ती ही गोष्ट. त्यात घोडे आहेत, जहाजं आहेत, आकाशात हॅलेचा धूमकेतूसुद्धा आहे. पण तुम्हांला कधी त्याची चित्रं बघायला मिळाली, तर एक छोटं दृश्य शोधाच. माणसं जहाजांवर सामान चढवताहेत. दोघांच्या खांद्यांवर मिळून एक दांडा आहे आणि त्या दांड्यावर, दोन्ही बाह्यांतून ओवून, एक सदरा लटकवलाय.

एका सदऱ्याला दोन माणसं कशाला?

कारण तो लोखंडाचा आहे. बारीक बारीक कड्या एकमेकींत अडकवून केलेलं हे चिलखत. बाह्या किती लांब, घेर किती, कड्या केवढ्या यावर सगळं अवलंबून असतं, पण अशा एका सदऱ्यात वीस-तीस हजार कड्या सहज असतात आणि वजन दहा किलो किंवा त्याहूनही जास्त भरतं. त्यातून तो हातात धरला की चहूबाजूंनी खाली घसरतो, कुठून पकडावा तेच कळत नाही. दांड्याची युक्ती अगदी बरोबर होती!

आता खरी गंमत ऐका. असे सदरे आजही बनतात, आणि तेही हौस म्हणून. १९६६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात, काही मित्रमैत्रिणींनी घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगातले कपडे घालून एक मेजवानी केली. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ नावाची मोठी संस्था उभी राहिली. तिचे सभासद जुन्या पद्धतीने स्वयंपाक करतात, कापड विणतात आणि चिलखतं घालून लढाईचे सामनेही खेळतात. त्या सामन्यांत तलवार वेताची असते, पण अंगावरचं चिलखत खरंखुरं. युरोपातही अशी हौशी मंडळी पुष्कळ आहेत. दिवसा कुणी दवाखान्यात काम करतं, कुणी शाळेत शिकवतं, आणि संध्याकाळी दोन पकडी घेऊन कडीत कडी अडकवत बसतं. एका सदऱ्याला कित्येक महिने लागतात.

एवढी चिकाटी त्यांना कुठून येते? मला वाटतं, हातात तुकडा वाढताना जे कोडं दिसायला लागतं ना, ते सुटेपर्यंत राहवत नाही. कोडं असं : एकेक कडी बोटांनी वाकवता येते, मग त्याच कड्यांचं कापड तलवारीला कसं अडवतं? उत्तर शोधायला आपणही तळहाताएवढा तुकडा करून बघू. आई, बाबा, दादा, ताई, कुणीतरी मोठं माणूस सोबत हवंच.

हार्डवेअरच्या दुकानातून साधारण दीड मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार आणा. ८ मिलिमीटर जाडीची एक गुळगुळीत सळई घ्या. तार सळईवर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. छान स्प्रिंग तयार होईल. आता तारेचं टोक सोडून द्या आणि नीट बघा. स्प्रिंग थोडी सैल पडली! सळई ८ मिलिमीटरची असली तरी वेढ्याचं आतलं माप त्याहून किंचित मोठं भरतं. धातू वाकवला की तो बराचसा तसाच राहतो, पण थोडासा मूळ जागी परत यायला बघतो. म्हणून अनुभवी हौशी मंडळी हवी त्या मापापेक्षा जराशी बारीकच सळई निवडतात.

स्प्रिंग सळईवरून काढून एका रेषेत कापत गेलं की एकेक कडी सुटी होते. हे काम मोठ्यांनी वायर कटरने करायचं आणि सगळ्यांनी डोळ्यांना चष्मा लावायचा, कारण कापताना तुकडे उडतात. कडी उघडताना दोन पकडींनी दोन टोकं धरा आणि एक टोक पुढे, एक मागे असं सरकवा. टोकं डावी-उजवीकडे फाकवलीत तर कडीची गोलाई बिघडते आणि मग ती कधीच नीट मिटत नाही.

बऱ्याचशा कड्या आधी मिटून ठेवा. आता एका उघड्या कडीत चार मिटलेल्या कड्या ओवा आणि ती मिटा. तुकडा टेबलावर पसरा : दोन कड्या वर, दोन खाली, ओवणारी कडी मध्ये. पुढची उघडी कडी खालच्या दोन कड्यांतून घाला, तिच्यात आणखी दोन नव्या कड्या अडकवा, मिटा. असं करत दोन-एक-दोन-एक अशी साखळी वाढते. तशीच दुसरी साखळी करा आणि पहिलीच्या शेजारी ठेवा. त्या जोडणाऱ्या प्रत्येक कडीने डाव्या साखळीतल्या दोन आणि उजव्या साखळीतल्या दोन कड्या पकडायच्या. जोडताना एकच पथ्य : एका ओळीतल्या सगळ्या कड्या एकाच बाजूला कललेल्या हव्यात आणि पुढच्या ओळीतल्या उलट बाजूला. काठ सोडले तर प्रत्येक कडीत चार कड्या आहेत ना, मोजून बघा. युरोपात केल्ट लोकांनी साधारण २३०० वर्षांपूर्वी अशी चिलखतं केली, त्यांच्यापासून रोमन सैन्याने ती घेतली, आणि मध्ययुगातल्या शिलेदारांपर्यंत हीच वीण चालत आली.

तुकडा झाला? मग खेळू या. आधी तो एका काठाने धरून लटकवा, मग शेजारच्या काठाने धरून लटकवा. एका वेळी तो अंग चोरून अरुंद होईल, पण बोटांनी आडवा ताणला की मजेत रुंदावेल. दुसऱ्या वेळी तो पसरून राहील आणि आडवा फारसा ताणलाच जाणार नाही. सदरा करताना बहुतेक वेळा पहिली दिशा निवडत. त्यामुळे तो अंगाबरोबर राहतो, आणि श्वास घेतला, हात उचलला, की हवा तेवढा सैल होतो. कमरेला पट्टा आवळला की बरंचसं वजन खांद्यांवरून कमरेवर येतं, हेही हौशी मंडळींनी स्वतः घालून घालून पक्कं ओळखलंय.

असा वाकणारा, अंगासरशी राहणारा पोशाख कपड्यांच्या आतही घालता येतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, ही हकिकत तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. कड्यांच्या विणीची हीच तर खुबी!

आता मुख्य कोड्याकडे. तुमच्या तुकड्यातली मधली कडी ओढा. तिच्यात अडकलेल्या चार कड्या ताणल्या जातील. त्या चौघी आपल्या शेजारच्या आठ कड्यांना ओढतील. त्या आठजणी पुढच्या बाराजणींना. पुढे १६, मग २०. पाच पावलांत ६० कड्या कामाला लागल्या! तलवारीची धार तर एका कडीवर पडत नाही, एकदम कितीतरी कड्यांवर आडवी पडते. त्या सगळ्या मिळून घाव वाटून घेतात आणि धारेला कापायला एकच एक जागा सापडत नाही.

टोकाचं मात्र वेगळं. बॉलपेनचं टोक एका कडीत घालून जोराने दाबा. कडीचं तोंड हळूच उघडतं की नाही? सगळा जोर एकाच कडीवर आला आणि ती जिथे जोडली होती तिथेच हरली. मध्ययुगातल्या कारागिरांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून ते कडीची दोन टोकं एकावर एक आणत, हातोडीने चपटी करत, त्यांना इवलंसं भोक पाडत आणि त्यात रिव्हेट, म्हणजे बारीक खिळा, ठोकत. एका सदऱ्यात हजारो वेळा! आपल्याकडच्या जुन्या चिलखतांतही रिव्हेट मारलेल्या कड्या असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. अशा दालनात कड्यांचं चिलखत दिसलं की घाई करू नका. प्रत्येक कडीवर एक बारीकसा उंचवटा दिसतो का, ते काचेला नाक लावून बघा.

घाव कापत नाही म्हणजे लागत नाही असं मात्र नाही. कड्यांचं कापड मऊ आहे, त्यामुळे दणका आत पोचतो आणि हाड मोडू शकतं. म्हणून चिलखताखाली एक जाड अंगरखा असायचाच. लिननचे अनेक थर, किंवा दोन थरांच्या मध्ये कापूस नाहीतर लोकर, आणि आपल्या गोधडीला असतात तसे सगळीकडून टाके. शहाणे हौशी लोक चिलखताआधी हा अंगरखा शिवतात.

टोकदार बाण आणि भाले यांना तोंड द्यायला पुढे युरोपात पोलादी पत्रे आले. १५ व्या शतकापर्यंत डोक्यापासून पायापर्यंत पत्र्याचं चिलखत घडायला लागलं. इटलीत मिलान आणि जर्मनीत ऑग्सबुर्ग, न्यूरेंबर्ग ही शहरं त्यासाठी नावाजलेली. आणि तरी कड्या गेल्या नाहीत! काखेत, जिथे पत्रा वाकू शकत नाही, तिथे त्याच राहिल्या. मला स्वतःला चकचकीत पत्र्यापेक्षा या कड्याच जास्त आवडतात.

सिनेमात शिलेदार पत्र्याच्या चिलखतात जागचा हलू शकत नाही, त्याला घोड्यावर चढवायला यारी लागते असं दाखवतात. ते खरं नाही. युद्धात घालायचं पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असे आणि ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असे. बूसिको नावाचा एक फ्रेंच सेनानी चिलखत घालून कोलांटउड्या मारायचा, असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. पण दमणूक मात्र खरी. २०११ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या ग्रॅहम ॲस्क्यू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना १५ व्या शतकातल्यासारखी चिलखतं घालून ट्रेडमिलवर चालायला लावलं. त्यांना एरवीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा खर्च करावी लागली. यामागचं एक कारण पायांत आहे. पाठीवरचं ओझं नुसतं वाहायचं असतं, पण पायावरचा पत्रा प्रत्येक पावलाला उचलून पुढे झुलवावा लागतो. शिवाय छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नव्हता.

आता पुन्हा कड्यांच्या तारेकडे वळू. तांब्याच्या तारेचा एक तुकडा घ्या, एक प्रयोग राहिलाय. तार मध्ये वाकवा आणि बोटांनी पुन्हा अगदी सरळ करायला बघा. होतच नाही! वाकवलेली जागा तशीच राहते आणि तार तिच्या शेजारी वाकते. कारण वाकवलेल्या जागी ती कडक झाली. धातूच्या आत अणूंच्या शिस्तीत रांगा असतात, मध्येमध्ये त्या रांगांत दोष असतात. दोष सरकतात म्हणून धातू वाकतो. पण वाकवताना नवे दोष तयार होतात, एकमेकांत अडकतात, आणि मग कुणालाच सहज सरकता येत नाही. तार तापवून लालबुंद केली की अणू पुन्हा नीट रांगा लावतात आणि ती मऊ होते. (हे तापवणं आपण करायचं नाही. आणि जस्ताचा मुलामा दिलेली तार तर कुणीच तापवू नये, तिचा धूर विषारी असतो.)

मध्ययुगातला तार ओढणारा कारागीर याच गुणावर काम करायचा. लोखंडाची सळई तो पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून खेचायचा. आपले सोनार आजही तार ओढायला अशीच पट्टी वापरतात. काही भोकांनंतर तार कडक व्हायची, मग तो ती भट्टीत मऊ करून पुन्हा खेचायचा.

लढाईच्या मैदानातून कड्यांचं चिलखत केव्हाच गेलं, पण त्याचं काम थांबलं नाही. खाटीकखान्यात सुरी चालवणारे कामगार हातात बारीक पोलादी कड्यांचा मोजा घालतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हॅलेरी टेलर यांनी तर तसाच अंगभर पोशाख घालून समुद्रात शार्कला आपला हात चावू दिला आणि पोशाख किती टिकतो ते तपासलं!

आणि अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत कियारा दाराइओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थ्रीडी प्रिंटरवर नायलॉनचे पोकळ, आठ बाजूंचे सांगाडे एकमेकांत अडकवून छापले. हे कापड एरवी लवचीक असतं. ते प्लॅस्टिकच्या पातळ आवरणात घालून आतली हवा काढून घेतली की बाहेरच्या हवेचा दाब सगळे सांगाडे एकमेकांवर आवळतो. त्यांना सरकायला जागाच उरत नाही आणि तेच कापड २५ पटींहून जास्त ताठ होतं. हवा परत सोडली की पुन्हा मऊ. मोडलेल्या हाताला प्लॅस्टरऐवजी असं कापड गुंडाळता येईल, हवं तेव्हा घट्ट आणि हवं तेव्हा सैल, असा या शास्त्रज्ञांचा विचार आहे.