जुन्या गाडीची वायरिंग : फ्यूज वायरसाठी असतो, दिव्यासाठी नव्हे

सेलू तालुक्यात देवगाव फाट्यावर जालना-मंठा-जिंतूर रस्त्याला सेलूचा रस्ता मिळतो. फाटा म्हटला की जीप, टेम्पो, जुन्या मारुती गाड्या, पंक्चरवाला, बॅटरीवाला आणि चहाची टपरी हे आलेच. आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल अशा जुन्या गाडीवर पेटते. कोणी जीप चालवतो, कोणी जुनी ओम्नी घेऊन लग्नाची आणि दवाखान्याची भाडी करतो. नव्या गाडीची ऐपत नाही म्हणून जुनी घेतली, यात कमीपणा काहीच नाही. परंतु त्या गाडीत वायरींचा जो गुंता झालेला असतो, त्याकडे आम्ही आज समाजबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अॅम्बॅसेडरही २०१४ मध्येच बंद झाली. म्हणजे यातली प्रत्येक गाडी आज दहा वर्षांच्या पुढची आहे. इंजिनाची उष्णता आणि मराठवाड्याचा उन्हाळा यांनी वायरीवरचे प्लास्टिक कडक होऊन तडकते. त्यात प्रत्येक मालकाने भर घातलेली असते. एकाने टेप बसवला, दुसऱ्याने मोठा हॉर्न, तिसऱ्याने पंखा. जोड देताना वायर सोलायची, पिळा मारायचा आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची. उन्हात पट्टीचा डिंक सुटतो, जोड उघडा पडतो आणि बॉडीला टेकला की ठिणगी उडते. शेजारून पेट्रोलची नळी जात असेल तर पुढचे सांगायला नको.

आम्ही कारकून माणसे, म्हणून हिशेबानेच सांगतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. पुढचा दिवा ६० वॅटचा आणि बॅटरी १२ व्होल्टची, तर एका दिव्याला ५ अँपिअर, दोघांना १० अँपिअर लागतात. उजेड कमी पडतो म्हणून कोणी १०० वॅटचे बल्ब टाकले, तर तीच वायर आणि तोच स्विच यांच्यावर जवळजवळ १७ अँपिअरचा भार पडतो. वायर गरम होते, होल्डर वितळतो, स्विच जळतो.

येथेच फ्यूजचे काम कळते. फ्यूज दिवा वाचवण्यासाठी नसतो, तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायर जितका प्रवाह सोसू शकते, त्याच्या आत फ्यूज उडालाच पाहिजे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवून दार उघडे ठेवणे होय. फ्यूज उडाला तर कारण शोधावे आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा.

मग उजेड वाढवायचा कसा? बहुतेक जुन्या गाड्यांत दोष बल्बचा नसतो, बल्बपर्यंत पूर्ण वीज पोचत नाही हा असतो. बॅटरीपासून स्विचपर्यंत, तेथून डिपरपर्यंत आणि मग दिव्यापर्यंत वीज लांबचा प्रवास करते, आणि प्रत्येक गंजलेल्या जोडावर थोडी थोडी गळते. १२ ऐवजी साडेदहा व्होल्टच पोचले तर उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली पुढे असली, तर हा तिसरा हिस्सा म्हणजे ब्रेक मारायला मिळणारे चार क्षण असतात.

यावर उपाय रिलेचा आहे. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा, त्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. दिव्याचा खरा प्रवाह बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून आणि रिलेमधून थेट दिव्याला जातो. यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची बारीक तारांची तांब्याची वायर आणि बॅटरीजवळ १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज पुरतो. बल्ब मूळचा ६०/५५ वॅटचाच ठेवावा. समोरच्याचे डोळे दिपवणारे स्वस्त एलईडी बल्ब जुन्या काचेत घालू नयेत.

दुसरे दुखणे अर्थचे. बॅटरीची वजा बाजू बॉडीला आणि इंजिनाला पक्की जोडलेली असावी लागते. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद होतो, याचा अर्थ तेथला अर्थ गेलेला आहे. इंजिनाचा अर्थ गेला तर सेल्फ मारताना प्रवाह अॅक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. गंज खरवडून स्वच्छ पत्रा उघडा करावा, थिंबल घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. एवढ्या कामाला खर्च फारसा येत नाही.

काम करताना प्रथम बॅटरीची वजा वायर काढावी आणि शेवटी तीच लावावी. एकदम सगळ्या वायरी उपटू नयेत. एका वेळी एकच वायर, जुन्या रंगाची नवी, आणि वहीत आकृती काढून. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तेथे रबरी कडी हवीच. सायलेन्सर आणि पेट्रोलच्या नळीपासून वायरी दूर बांधाव्यात. जोड थिंबल दाबून किंवा डाख देऊन करावा व त्यावर स्लीव्ह चढवावी.

शेवटी मीटर लावून पाहावे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवली पाहिजे. मग दिवा लावून मीटरचे एक टोक बॅटरीच्या अधिक बाजूला आणि दुसरे दिव्याच्या अधिक टोकाला लावावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर मधल्या वाटेत चोर बसला आहे.

आयटीआयमध्ये वायरमन, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक हे व्यवसाय शिकवतात. आपल्या मुलामुलींनी त्याबरोबर गाडीच्या विजेचे कामही शिकून घेतले तर फाट्याफाट्यावर रोजगार आहे, कारण १५ वर्षांनंतर गाडीची नोंदणी नूतन करताना दिव्यांचीही तपासणी होते. मालकांनीही वायरमनला घाई करू नये. "कसेही चालू करून दे" असे म्हणणारा मालक आगीला स्वतःच आमंत्रण देतो. कोणती वायर, किती अँपिअरचा फ्यूज, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. पुढच्या वेळी बिघाड झाला तर कोणताही कारागीर तो वाचून नेमका दोष शोधू शकेल, आणि तुमचा एक दिवसाचा धंदा बुडणार नाही.