नाताळगीतांतील सुदाम्याचे पोहे

मार्गशीर्षाची थंडी अंगी झोंबू लागली, गुरुवारच्या महालक्ष्मीचे घट मांडले गेले आणि दत्तजयंतीचा पाळणा गाऊन झाला, की त्याच सुमारास ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर कागदी चांदण्या उजळू लागतात. नाताळ हाही जन्मोत्सवच. रामनवमीस माध्यान्ही आणि गोकुळाष्टमीस मध्यरात्री पाळण्याची दोरी हाती घेणाऱ्या आपल्या घरांना जन्मोत्सवाचे गाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. देव बालरूपाने आला, तोही राजमंदिरी नव्हे तर बंदिशाळेत किंवा गोठ्यात, या कल्पनेने ज्याचे मन द्रवले त्याला नाताळगीताचे मर्म भाषा न कळताही उमगते.

परंतु या सणाच्या गाण्यांवरही एक संकट आहे. पाश्चात्त्य देशांत नोव्हेंबर उजाडताच दुकानादुकानांतून तीच दहा-वीस गाणी अखंड वाजू लागतात. ती गाणी वाईट आहेत असे नव्हे. पण गिऱ्हाईकाचा हात खिशाकडे वळावा म्हणून गाणे रात्रंदिवस वाजू लागले की त्यातील भाव कोमेजतो. आपल्या उत्सवमंडपांत ध्वनिक्षेपकावर सिनेमाच्या चालीवर बेतलेली भक्तिगीते ऐकून ज्यांनी कानांवर हात ठेवले असतील, त्यांना हे दुःख अनोळखी वाटणार नाही. मग प्रश्न असा, की या गदारोळातही कोणी नवे, मनापासून केलेले नाताळगीत रचीत आहे काय? आणि असेल, तर ते शोधावे कोठे?

आम्ही गेली काही वर्षे हा शोध आवडीने करीत आलो आहोत. आमचा अनुभव असा, की ही गाणी बाजाराच्या मुख्य रस्त्यावर सहसा सापडत नाहीत. ती सापडतात सुदाम्याच्या पुरचुंडीत. घरी बसून, आपल्या माणसांसाठी, भेट म्हणून केलेली. मोठ्या कंपनीच्या भांडवलावाचून स्वतःच्या किंवा एखाद्या छोट्या संस्थेच्या बळावर गायकाने काढलेल्या अशा ध्वनिमुद्रिकांना ‘स्वतंत्र’ संगीत म्हणतात.

जुने तेही एकदा नवेच होते

नवे गाणे म्हटले की श्रद्धावंत मन थोडे साशंक होते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण आज जगभर जे नाताळगीत सर्वांत पवित्र मानले जाते, त्याचा जन्म कसा झाला ते पाहावे. ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळ ऑबर्नडॉर्फ नावाचे एक लहान गाव आहे. तेथील साहाय्यक धर्मोपदेशक योझेफ मोर याने १८१६ साली काही कडवी लिहून ठेवली होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्याने ती शेजारच्या गावातील शाळामास्तर फ्रान्त्स ग्रूबर याच्याकडे नेली आणि चाल लावून देण्याची विनंती केली. त्याच रात्री दोघांनी ते गीत चर्चमध्ये गिटारच्या साथीवर गायिले. तेच ‘सायलेंट नाइट’. ना प्रकाशक, ना भांडवल, ना जाहिरात. पुढे तिरोल प्रांतातील गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव नेले आणि आज ते तीनशेहून अधिक भाषांत गायिले जाते.

मराठीलाही हा अनुभव आहे. इंग्लंडातून गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी परका छंद निवडला नाही. त्यांनी आपली ओवी उचलली, आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी मराठी वळणाची भजने रचली. जुन्या भक्तीला नवा शब्द आणि नवा स्वर देण्याने भक्ती उणावत नाही, हे आपल्या मातीनेच दाखवून दिले आहे.

भेटकार्डावरील गाणे

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात बेट्स बर्ट नावाचे धर्मोपदेशक होते. १९२२ पासून ते दर नाताळास आप्तेष्टांना भेटकार्ड पाठवीत आणि त्यावर विकतच्या चित्राऐवजी स्वतः रचलेले एक गीत असे. १९४२ पासून गीतांना चाल लावण्याचे काम त्यांचा मुलगा आल्फ्रेड याने पत्करले. वडील १९४८ साली निवर्तले. मग त्यांच्या चर्चमधील ऑर्गनवादक विला हटसन या शब्द लिहू लागल्या आणि कुळाचार चालू राहिला. आल्फ्रेडला ऐन तारुण्यात फुप्फुसाचा कर्करोग झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ‘द स्टार कॅरोल’ या शेवटच्या गीताची चाल पुरी केली, आणि १९५४ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला. १९४२ ते १९५४ या काळातील त्याची पंधरा गीते आज अमेरिकेत अनेक गायकवृंद गातात. ती गाताना पुष्कळांना ठाऊकही नसेल, की ही एकेकाळी टपालाने आलेली घरगुती भेट होती.

त्याच मिशिगन राज्यात १९७५ साली जन्मलेला सुफ्यान स्टीव्हन्स हा गायक जणू या परंपरेचाच वारस आहे. २००१ च्या डिसेंबरात त्याने घरच्या घरी काही नाताळगीते ध्वनिमुद्रित केली आणि मित्रांना व नातलगांना भेट दिली. आपल्याला या सणाची गोडी लागावी, हाही हेतू होता. हा नेम, एखादे वर्ष वगळता, पुढेही चालला. बँजो, पियानो, चार मित्रांचे आवाज आणि अधूनमधून ऐकू येणारे हसणे असा त्यांचा थाट आहे. २००६ साली अशा पाच भेटी एकत्र करून ‘साँग्ज फॉर ख्रिसमस’ हा बेचाळीस गीतांचा संच निघाला. तो काढला ‘अ‍ॅस्थमॅटिक किटी’ या संस्थेने. नावाचा अर्थ ‘दमेकरी मांजर’! स्टीव्हन्सने आपल्या सावत्र वडिलांसमवेत उभारलेली ही छोटी संस्था आहे. २०१२ साली ‘सिल्व्हर अँड गोल्ड’ हा दुसरा संच आला.

या गीतांत प्राचीन स्तोत्रे आहेत, तशी स्वतःची नवी रचनाही आहे. एका गाण्यात तर नाताळच्या दिवशी घरात भांडण पेटते, वडील रागाच्या भरात भेटवस्तू शेगडीत टाकतात आणि बहीण घराबाहेर पळते. सणाच्या दिवशी घरात तंटा झाल्याचे दुःख ज्याने लहानपणी सोसले असेल, त्याला हे गाणे एकट्यालाच उद्देशून म्हटल्यासारखे वाटेल.

याच स्टीव्हन्सची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००७ साली त्याने श्रोत्यांना आवाहन केले, की तुम्ही नाताळगीत रचून पाठवा. सर्वोत्तम ठरेल त्याच्या रचनाकारास माझ्या एका अप्रकाशित गीताचे सर्व हक्क देईन. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील एक नाट्यदिग्दर्शक विजयी झाला. ते गीत विकून त्याला पैसा करता आला असता. त्याने ते विकले नाही. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांना तो घरी बोलावी, चहा आणि बिस्किटे पुढे ठेवी आणि मग गाणे ऐकवी. पुढे २०१८ साली ते सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. परंतु मधली काही वर्षे ते गाणे ऐकावयाचे तर कोणाच्या तरी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकावे लागे. प्रसाद घरी जाऊन घ्यावा, तसेच हे नव्हे काय?

दोन दांपत्ये

मिनेसोटा राज्यातील डुलूथ हे अतिशीत हवेचे शहर. तेथील अ‍ॅलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे श्रद्धाळू दांपत्य ‘लो’ या नावाने गात असे. गती विलंबित, वाद्ये मोजकी आणि दोन आवाज एकमेकांत मिसळलेले, ही त्यांची रीत. १९९९ साली त्यांनी आपल्या श्रोत्यांसाठी भेट म्हणून ‘ख्रिसमस’ ही आठ गीतांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली. तीत ‘लिटल ड्रमर बॉय’ हे जुने गीतही आहे. बाळ येशूला अर्पण करण्यास ज्याच्याजवळ काहीच नाही असा एक गरीब मुलगा आपला ढोल वाजवून दाखवितो, एवढीच त्याची कथा. सुदाम्याचे पोहे ते हेच. याच मुद्रिकेत सण संपल्यावर झाड उतरविण्याचे एक गीत आहे. गणपती बोळवून घरी परतल्यावर रिकाम्या मखराकडे पाहवत नाही, त्या घटकेची आठवण आम्हांस हे गाणे ऐकताना झाली. मिमी पार्कर २०२२ साली कर्करोगाने निवर्तल्या. त्यांचा आवाज मात्र दर डिसेंबरात पुष्कळ घरांत पुन्हा ऐकू येतो.

ओहायो राज्यातील लिनफर्ड डेटवायलर आणि कॅरिन बर्गक्विस्ट हे असेच दुसरे दांपत्य ‘ओव्हर द ऱ्हाइन’ या नावाने गाते. १९९६, २००६ आणि २०१४ अशा तीन वेळा त्यांनी नाताळसाठी ध्वनिमुद्रिका केल्या. २०१४ च्या मुद्रिकेत त्यांनी मर्ल हॅगर्ड या गायकाचे एक जुने गीत घेतले आहे. ऐन डिसेंबरात कारखान्यातील काम सुटलेल्या बापाचे ते मनोगत आहे. लेकीला सणाची भेट कोठून आणावी, हा त्याचा घोर. ज्या घरी दिवाळीत बोनस न मिळाल्याने मुलांचे कपडे राहिले, त्या घरास हे गीत इंग्रजीत असूनही परके वाटणार नाही.

उपासनामंदिराबाहेर पडलेली गाणी

इंग्लंडात शेफील्ड शहराच्या भोवतीच्या खेड्यांतील कथा याहून निराळी आहे. पूर्वी तेथील चर्चमध्ये गावकरी फिडल, बसून अशी वाद्ये घेऊन सज्जात बसत आणि आपल्या चालीवर नाताळगीते गात. एकोणिसाव्या शतकात सुधारणेचे वारे आले, ऑर्गन आला, शिस्तबद्ध गायकवृंद आला, आणि हे गावठी गायक बाहेर पडले. त्यांनी गाणी टाकली नाहीत. ती त्यांनी गावातील पबमध्ये नेली. आमच्या वाचकांस हे खटकेल. परंतु इंग्रजी खेड्यात ते केवळ मद्यपानाचे ठिकाण नसून चावडीसारखे चार माणसे जमण्याचेही स्थान आहे. आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत तेथे दाटीवाटीने उभे राहून गावकरी ही गीते गातात. मेंढपाळांना देवदूताने दर्शन दिल्याचे एकच गीत तेथे कितीतरी चालींवर गायिले जाते. आपल्याकडे एकच आरती घरोघर वेगळ्या ठेक्यावर म्हटली जावी तसे.

त्याच परिसरात वाढलेल्या केट रस्बी यांनी लहानपणी आईवडिलांसमवेत ही गाणी ऐकली. मोठेपणी त्या नामांकित गायिका झाल्या, तरी मोठ्या कंपनीकडे न जाता ‘प्युअर रेकॉर्ड्स’ या घरच्याच संस्थेतून त्यांनी आपल्या मुद्रिका काढल्या. २००८ साली त्यांची ‘स्वीट बेल्स’ आली; पुढे २०११, २०१५, २०१७ आणि २०१९ या साली आणखी चार आल्या. त्यांत पितळी वाद्यांचा भारदस्त स्वर आणि रस्बींचा नितळ गळा यांचा मेळ ऐकण्यासारखा आहे. ज्यांनी यापूर्वी कधी नाताळगीत ऐकले नसेल, त्यांनी ‘स्वीट बेल्स’पासून आरंभ करावा असे आम्ही सुचवू.

शोधावे कसे?

वाचकांपैकी कोणास हा नाद लावून घ्यावयाचा असेल, तर मोठमोठ्या संकलनांच्या मागे लागू नये. एखाद्या आवडलेल्या गायकाचा माग काढावा. त्याच्या मुद्रिकेवरील साथीदारांची नावे वाचावीत, ती काढणाऱ्या छोट्या संस्थेने आणखी कोणाचे काय काढले ते पाहावे. एका भजनी मंडळाच्या ओळखीने दुसरे मंडळ कळते, तसेच हे आहे. २००८ साली स्थापन झालेल्या ‘बँडकँप’ या इंटरनेटवरील बाजारपेठेत कलावंत आपली मुद्रिका स्वतः मांडतो. पुष्कळ गाणी विकत घेण्यापूर्वी ऐकता येतात, आणि त्या सेवेचा हिस्सा वजा जाता पैसा कलावंताच्या पदरी पडतो. घरातील मुले हे काम क्षणात करून देतील.

ऐकताना मात्र घाई नको. दिवेलागणीनंतर, शुभंकरोति झाल्यावर, घर शांत असताना एकच गाणे लावावे. आम्ही स्वतः दोन गोष्टी पाहतो. हे गाणे चार साध्या आवाजांना घरी बसून म्हणता येईल काय? आणि ज्याच्या घरी यंदा कोणी उणे झाले आहे, त्याला या गाण्यात बसावयास जागा आहे काय? या दोन कसोट्यांना उतरलेले गाणे सण संपल्यावरही मनात राहते, असे आमच्या प्रत्ययास आले आहे.

या शोधातून आम्हांस मिळाले ते केवळ परधर्मीयांच्या सणाचे कौतुक नव्हे. सणाचे गाणे कोणीतरी आपल्यासाठी करून पाठवील, ही सवय आपल्याही घरांत शिरली आहे. एके काळी आपल्या आज्या जात्यावर रोज नवी ओवी रचीत. पाळण्याच्या गाण्यात घरच्या बाळाचे नाव गुंफीत. त्यांना कोणी कवयित्री म्हटले नाही, पण देवापुढे ठेवावयास त्यांच्याजवळ स्वतःचे असे काही होते. डुलूथच्या बर्फात किंवा यॉर्कशायरच्या खेड्यात कोणी आपल्या माणसांसाठी गाणे रचून भेट देतो, तेव्हा तो तेच करीत असतो.

द्वारकेत सोन्याला तोटा नव्हता. भगवंताने हात घातला तो पुरचुंडीतच. यंदाच्या नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून फराळाचे ताट आले, तर ताट परत करताना त्यात काही गोड घालण्याची आपली रीत आहेच. सोबत असे एखादे नवे गाणेही अवश्य कळवावे. आणि पुढील रामनवमीस पाळणा हलविताना एखादे कडवे आपले स्वतःचे असावे, असा विचार मनात आला, तर तो दडपून टाकू नये.