सुई नीट निवडा, तबकड्या जपा

माळ्याची साफसफाई करताना जुन्या तबकड्यांची पेटी हाती लागते. हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व... आजोबांनी हौसेने जमवलेला हा ठेवा पाहून घरात उत्साह संचारतो. मुलगा बाजारातून नवा रेकॉर्ड प्लेअर घेऊन येतो. सगळे कान टवकारून बसतात. पण गाण्याऐवजी ऐकू येते ती नुसती खरखर. ‘तबकडीच खराब झाली,’ असे म्हणून पेटी पुन्हा माळ्यावर जाते. प्रत्यक्षात दोष तबकडीचा नसून सुईचा असू शकतो.

रेकॉर्ड प्लेअरच्या साऱ्या भागांत वाजणाऱ्या खोबणीला स्पर्श करते ती फक्त सुई. खोबणीच्या नागमोडी भिंतींमधून जाताना ती थरथरते आणि तिला धरून ठेवणारे कार्ट्रिज या थरथरीचे विजेच्या संदेशात रूपांतर करते. सुई चुकीची किंवा झिजलेली असेल, तर ती खोबणही खरवडते. हे नुकसान कशानेही भरून येत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या तबकड्या तपासा.

तबकडी कोणती?

लाखेच्या जड, पडताच फुटणाऱ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेतात. त्यांची खोबण रुंद असल्याने सुमारे ७६ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली. तिची खोबण अरुंद असल्याने सुईचे टोक १८ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चौपट बारीक असावे लागते. ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांनाही हीच बारीक सुई चालते.

बारीक सुई ७८च्या खोबणीत तळाशी घरंगळते आणि तिथली धूळ उकरत खरखरते. उलट जाड सुई एलपीच्या खोबणीत नीट बसतच नाही, तिच्या कडा मात्र बिघडवते. भारतात साठच्या दशकातही ७८च्या तबकड्या निघत होत्या, त्यामुळे एकाच घरात दोन्ही प्रकार सापडतात. अशा वेळी दोन सुया घ्या. शिवाय नव्या प्लेअरला ७८चा वेग आहे ना, याची खात्री करा. बऱ्याच यंत्रांत तो नसतो. चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याची पोलादी सुई एका फेरीतच तिची वाट लावते.

कार्ट्रिज कसे असावे?

पेटीसारख्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. त्याचा आवाज मोठा असतो, पण सुईचा भारही तबकडीवर अधिक, साधारण तीन ते सहा ग्रॅम पडतो. घरगुती वापराला ‘मूव्हिंग मॅग्नेट’ कार्ट्रिज सोयीचे. त्याचा भार दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास असतो आणि झिजलेली सुई घरच्या घरी ओढून काढून नवी बसवता येते. काही कार्ट्रिजना ७८ची वेगळी सुईही मिळते. तिला भार मात्र अधिक लागतो. या कार्ट्रिजचा आवाज क्षीण असल्याने ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ची सोय हवी; नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प घ्यावा लागेल. ‘मूव्हिंग कॉइल’ हा प्रकार महागडा. त्याची सुई सहसा घरी बदलता येत नाही, त्यामुळे नवशिक्यांनी त्याच्या मागे न लागलेलेच बरे.

गोल की लंबगोल?

हिऱ्याची सुई नीलमच्या सुईपेक्षा कितीतरी जास्त टिकते. थोडे पैसे जास्त पडले तरी हिऱ्याचीच घ्या. गोल टोकाची सुई स्वस्त असते आणि ती बसवताना थोडे उणे-अधिक झाले तरी चालते. लंबगोल टोक बारीक सूर अधिक स्पष्ट टिपते, पण ते काटेकोर बसवावे लागते. सर्वसाधारणपणे काहीशे तास वाजल्यावर सुई बदलावी. रोज एक तास गाणी ऐकणाऱ्या घरात ती वर्ष-दीड वर्षात तपासून घ्यावी. जुन्या प्लेअरसोबत आलेल्या सुईने किती तबकड्या वाजवल्या हे कळायला मार्ग नसतो. ती आधी बदला, मग तबकडी लावा.

एवढे अवश्य करा

* उत्पादकाने सांगितलेलाच भार छोट्या वजनकाट्याने मोजून ठेवा. कमी भाराने तबकडी वाचते, हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंतींना इजा करते.
* सुईवरची धूळ मऊ कुंचल्याने मागून पुढे झाडा. बोट लावू नका.
* पहिल्यांदा साधी, सहज मिळणारी तबकडी लावून पाहा. आजोबांची लाडकी तबकडी नंतर.

सुई बाजारात केव्हाही नवी मिळते. आजोबांची ती तबकडी मात्र एकदा खरवडली गेली, की गेलीच.