पोटगी कागदावर नको, हातात हवी!

मुलांची पोटगी मंजूर झाली, की बाईला हायसं वाटतं. पण दरमहा ती हातात पडायची कशी? कॅनडात त्यासाठी सरकारी वसुली-कार्यालयं आहेत. गंमत अशी, की घटस्फोटाचा कायदा साऱ्या देशाला एकच. वसुली मात्र ज्या त्या प्रांताची!

क्वेबेकमध्ये १ डिसेंबर १९९५ पासून निकाल लागला, की प्रकरण आपोआप महसूल खात्याकडे जातं. बापाच्या पगारातून रक्कम कापून खातंच ती आईला पोचती करतं. ऑन्टारिओतही कोर्टाचा हुकूम आपोआप नोंदला जातो. अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबियात मात्र दोघांपैकी कुणीतरी अर्ज करावा लागतो.

साहजिकच नोंदलेल्या मुलांचं प्रमाण प्रांतागणिक बदलतं. पण नोंद कमी म्हणजे तिथले बाप जास्त जबाबदार, असं समजू नका हं! काही जोडपी आपसांत नेमानं व्यवहार करतात. काही बायका भिडेपोटी, भीतीपोटी गप्प बसतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची लेक-बहीण तिकडे अशा अडचणीत असेल, तर तिला आधी विचारा, ‘‘तुझ्या प्रांतात नोंद आपोआप होते, की अर्ज करायचा असतो?’’ पोटगी मुलाच्या हक्काची आहे. आईची भीड तिच्या आड येऊ नये.