नाव थोडे उशिरा सांगा

फोटो हातात आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा कशाचा? लग्नाच्या अल्बमपासून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापर्यंत बहुतेक फोटो या प्रश्नाचे उत्तर तत्परतेने देतात. उत्तर मिळाले की आपण पान उलटतो. म्हणजे बघणे नीट सुरू व्हायच्या आतच संपते.

हौशी छायाचित्रकारांत एक छोटासा पंथ असा आहे, की त्याला हे उत्तर लांबणीवर टाकण्यातच गोडी वाटते. कांद्याचा पापुद्रा, गंजलेल्या पत्र्याचा कोपरा, साबणाच्या फेसातला एखादा बुडबुडा, अळवाच्या पानावरचा थेंब. अशा वस्तूंच्या इतके जवळ जायचे, की वस्तू नाहीशी व्हावी आणि रेषा, रंग, पोत तेवढे उरावेत. याला ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट मॅक्रो’ म्हणतात. मराठीत आपण त्याला अमूर्त सूक्ष्मचित्रण म्हणू.

ऐकायला हे सोपे वाटते, पण जवळ जाण्याची किंमत मोजावी लागते. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात वस्तू आहे तेवढ्याच आकाराची प्रतिमा उमटवायची म्हटली, तर एफ-८ इतके छिद्र ठेवूनही सुस्पष्ट भागाची खोली जेमतेम १ मिलिमीटर मिळते. हात किंचित हलला की फोकस गेला. वाऱ्याची झुळूकही इथे वादळासारखी वाटते. छिद्र बारीक करावे तर उजेड पुरत नाही. म्हणून या छंदाला महागड्या सामग्रीपेक्षा तिपाई, पांढरा पुठ्ठा, खिडकीतला मऊ उजेड आणि दांडगी चिकाटी यांचीच जास्त गरज असते. नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स जोडकडे वापरून उलटी बसवली तरी काम भागते. आता तर अनेक मोबाइलमध्येही मॅक्रोची सोय असते.

या वाटेवरचा एक जुना वाटसरू म्हणजे जर्मनीतला कार्ल ब्लॉसफेल्ट. जन्म १८६५चा. तरुणपणी तो लोखंडाच्या कारखान्यात शोभेचे ओतकाम शिकला, पुढे शिल्पकलेकडे वळला आणि १८९०च्या दशकाच्या अखेरीपासून बर्लिनच्या एका कलाशाळेत शिकवू लागला. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. विद्यार्थ्यांनी नक्षीकाम निसर्गाकडून शिकावे, एवढ्यासाठी तो रानातली साधी झाडेझुडपे आणी, त्यातला हवा तेवढाच भाग कापून घेई आणि घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने साध्या पार्श्वभूमीवर त्याचे मोठे चित्र घेई. तीसएक वर्षे हे काम चालले. हजारो काचपट्ट्या जमल्या. शाळेबाहेर त्यांची दखल घेणारे फारसे कोणी नव्हते.

मग बर्लिनमधल्या एका कलादालनाच्या मालकाची नजर त्यांवर पडली आणि १९२६मध्ये प्रदर्शन भरले. १९२८मध्ये १२० चित्रांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘कलेची आदिरूपे’ असा. साठी ओलांडलेला हा शिक्षक एकाएकी गाजला. १९३२मध्ये दुसरे पुस्तक आले आणि त्याच वर्षी तो वारला.

त्याची चित्रे पाहताना मोठी मौज वाटते. नेच्याची गुंडाळलेली कोवळी पाने धर्मगुरूच्या वाकड्या मुठीच्या दंडासारखी दिसतात. एका चित्रात लोखंडाच्या नाजूक वळ्यावळ्यांचे जाळीकाम आहे, असे आपण शपथेवर सांगू. प्रत्यक्षात ते भोपळ्याच्या वेलीचे तणावे आहेत, चौपट मोठे केलेले! ओतकाम शिकलेल्या हाताला वेलीत लोखंड दिसावे, यात नवल ते काय?

आता कोणी विचारील, की डोळ्यांना कोडे घालण्यापलीकडे यात काय आहे? आक्षेप रास्त आहे. अमूर्ताच्या नावाखाली नुसती साडीवरची छपाई वाटावी अशी चित्रे ढिगाने निघतात. घरातली माणसे ती पाहून ‘छान आहे, पण काय आहे?’ असे म्हणून स्वयंपाकघराकडे वळतात. बिचारा छायाचित्रकार खट्टू होतो. आपला छंद कोणालाच कळत नाही, असे त्याला वाटू लागते आणि कॅमेरा कपाटात जातो. असे पुष्कळ कॅमेरे कपाटात गेले आहेत.

ब्लॉसफेल्टच्या पुस्तकांत याला उत्तर सापडते. तिथे प्रत्येक चित्राची नोंद आहे : वनस्पतीचे नाव आणि ती किती पटींनी मोठी केली तो आकडा, ४ पट, ८ पट, २५ पट. नाव दडवलेले नाही. मात्र नजर आधी चित्रावर जाते, नाव मागून कळते. या क्रमाने फार फरक पडतो. नाव आधी कळले तर चित्र म्हणजे नुसता पुरावा ठरते. नाव कधीच कळले नाही, तर ते भिंतीवरच्या शोभेपुरते राहते. थोडा वेळ बघितल्यावर ते कळले, तर मात्र माणूस पुन्हा त्या वस्तूकडे जातो. भोपळ्याचा वेल त्याने शंभरदा पाहिलेला असतो, पण तणाव्याला किती वळसे असतात हे पाहायला तो आता मुद्दाम वाकतो.

म्हणून घरातल्या हौशी मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते. चित्र दाखवा आणि थोडे थांबा. नातवंडांना अंदाज करू द्या. कोणी डोंगर म्हणेल, कोणी नदी. त्यांचे अंदाज संपले, की मूळ वस्तू, कांद्याचा पापुद्रा असेल तर तोच, शेजारी ठेवा. तो वाळण्याआधी ठेवा म्हणजे झाले.